मांडणे आणि मोडणे : विटांच्या एका प्रौढ छंदाचा इतिहास

मराठीत खेळ 'मांडला' जातो आणि डाव 'मोडला' जातो. आपण भातुकली मांडतो, पट मांडतो, प्रदर्शन मांडतो, संसारही मांडतो. अभ्यासक आपला सिद्धांत मांडतो. खेळणे, रचणे आणि दाखवणे हे तिन्ही व्यापार या एका क्रियापदात सामावले आहेत. 'मोडणे' मात्र आपण सहसा अशुभाच्या खात्यात टाकतो. आम्हांला ज्या छंदाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, त्याचा सारा पेच या दोन क्रियापदांच्या मध्ये आहे. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या आणि तितक्याच सहज सुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांतून प्रतिकृती रचणे, त्या जमवणे आणि कपाटात मांडून ठेवणे, हा तो छंद. तो जोपासणारी माणसे तिशी-चाळिशीतली, कित्येकदा त्याहून वडील असतात. मोडता येणे हाच जिचा मूळ गुण, ती वस्तू प्रौढांच्या हाती आल्यावर न मोडण्यासाठी का रचली जाऊ लागली, हा आमचा प्रश्न आहे.

'पोरखेळ' हा शब्द आपण तुच्छतेनेच वापरतो. परंतु रचनेच्या खेळण्यांचा इतिहास पाहिला तर त्यांच्या मुळाशी मोठ्यांचेच गंभीर विचार दिसतात. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि लाकडी ठोकळ्यांचे संच तयार केले. त्यांना तो 'देणग्या' म्हणे. ठोकळ्यांची पेटी उपडी करून उचलली की समोर अखंड घन उभा राही. मुलाने त्यातून आकृती रचायच्या आणि खेळ संपला की तोच घन पुन्हा जुळवून पेटीत ठेवायचा, असा दंडक होता. म्हणजे मोडणे हा येथे खेळाचा विध्वंस नव्हता, तो पाठाचा शेवटचा भाग होता. पूर्णत्वाकडून भागांकडे आणि भागांकडून पुन्हा पूर्णत्वाकडे असा तो प्रवास. फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुशिल्पीने आपल्या घडणीचे श्रेय पुढे याच ठोकळ्यांना दिले.

त्याच परिसरातल्या रुडोलश्टाट या गावी १८८० नंतरच्या दशकात फ्रेडरिक अडोल्फ रिश्टर या उद्योजकाने 'अँकर' नावाचे दगडी ठोकळे बाजारात आणले. त्यांची कल्पना ओटो आणि गुस्ताफ लिलिएंटाल या बंधूंची. यांपैकी ओटो हा पुढे हवेत तरंगण्याच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध झाला. वाळूची पूड, खडू आणि जवसाचे तेल यांच्या मिश्रणातून हे ठोकळे घडत. विटेसाठी तांबडा, वालुकाश्मासाठी पिवळसर आणि छपरासाठी निळा असे त्यांचे रंग. एका संचाला दुसरा जोडत जाण्याची सोय होती आणि सोबत आराखड्यांच्या पुस्तिका मिळत. पूल, चर्च, किल्ले यांचे हे आराखडे पाहिले म्हणजे मोठ्यांचा हात लागल्यावाचून ते उभे राहत नसावेत, हे सहज ध्यानात येते. १९६३ साली उत्पादन थांबले. तरीही १९७९ मध्ये नेदरलँड्समध्ये या ठोकळ्यांच्या प्रौढ चाहत्यांचे मंडळ स्थापन झाले आणि १९९५ मध्ये रुडोलश्टाट येथे उत्पादन पुन्हा सुरू झाले. प्रौढांनी ठोकळे जमवणे ही अलीकडची विकृती नव्हे, हे सांगण्यासाठी एवढा दाखला पुरे.

आता लेगोकडे वळू. डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यात ओले किर्क क्रिस्तियानसेन हा सुतार होता. मंदीच्या काळात, १९३२ साली, त्याने लाकडी खेळणी करावयास घेतली. १९३४ मध्ये त्याने 'चांगले खेळ' या अर्थाच्या 'लेग गोट' या डॅनिश शब्दांतून 'लेगो' हे नाव घडवले. १९४९ मध्ये त्याच्या कारखान्यातून प्लॅस्टिकच्या विटा बाहेर पडल्या. ही कल्पना मात्र त्याची नव्हती. हिलरी फिशर पेज या ब्रिटिश खेळणीकाराच्या 'किडिक्राफ्ट' विटा त्याच्यापुढे नमुना म्हणून होत्या. पेज १९५७ मध्ये निवर्तला. लेगो त्यानंतर ब्रिटनमध्ये आले आणि १९८१ साली त्याच्या विटांचे उरलेले हक्कही लेगोने विकत घेतले. अनुकरण, प्रभाव आणि रूपांतर यांच्या सीमारेषांवर आपण वर्गात इतके बोलतो. येथे तोच प्रश्न कारखान्याच्या साच्यातून पुढे येतो. रूपांतराचे मोल मूळ कृतीत जे नव्हते त्याच्या निर्मितीवर ठरत असेल, तर लेगोचे मोल १९५८ मध्ये ठरले.

त्या वर्षी २८ जानेवारीला ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने नव्या विटेसाठी पेटंटचा अर्ज केला. वर गोल उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या, अशी ही वीट. नळ्यांमुळे पकड पक्की झाली, आणि तरीही हाताने सोडवता येईल इतकीच राहिली. दोन उंचवट्यांच्या केंद्रांमधले अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर, हे माप तेव्हापासून पाळले गेले. त्यामुळे १९५८ ची वीट आजच्या विटेवरही बसते. 'छंद' या आपल्या शब्दाचे दोन अर्थ येथे एकत्र येतात. एक छंद जिवाला लागतो, दुसरा कवितेला बांधतो. आठ मिलिमीटरची ही मात्रा एकदा पत्करली की रचनाकाराला तिच्याबाहेर जाता येत नाही, आणि आत मात्र अमाप मोकळीक मिळते. दोन बाय चार उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतात, याचे गणित कोपनहेगनच्या सोरेन आयलर्स या गणितज्ञाने मांडले तेव्हा उत्तर ९१,५१,०३,७६५ असे आले. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला या आकड्याचे आश्चर्य वाटू नये.

कंपनीच्या आत प्रौढ माणसे पहिल्यापासून विटा रचत होती. गॉटफ्रेडच्या नात्यातली डाग्नी होल्म ही शिल्पकलेचे शिक्षण घेतलेली स्त्री १९६१ पासून तेथे प्रतिकृती घडवू लागली. १९६८ साली बिलुंड येथे जे लेगोलँड उद्यान उघडले, त्यातल्या छोट्या जगावर तिचा मोठा ठसा होता. वास्तुशिल्पींसाठी गॉटफ्रेडने 'मोड्युलेक्स' नावाच्या पाच मिलिमीटर मापाच्या निराळ्या विटा काढल्या आणि १९६३ मध्ये त्यांची स्वतंत्र कंपनी स्थापली; पुढे ती फलकांच्या व्यवसायाकडे वळली. त्याच वर्षी त्याने खेळण्यांसाठी जी दहा तत्त्वे सांगितली, त्यांत 'प्रत्येक वयासाठी' हेही एक होते. तत्त्व कागदावर होते. दुकानातली पेटी मात्र पुढची कित्येक दशके मुलांशीच बोलत राहिली.

कंपनीबाहेरच्या प्रौढांना एकमेकांचा शोध लागला तो १९९० नंतरच्या दशकात, इंटरनेटमुळे. तोवर आपल्या घरात असा वेडा आपण एकटेच, अशी प्रत्येकाची समजूत होती. या मंडळींनी स्वतःसाठी जी परिभाषा घडवली, तिच्यातला एक शब्द आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो : 'डार्क एजेस', म्हणजे तमोयुग. पौगंडावस्थेत विटा दूर सारल्या जातात आणि पुढे केव्हातरी पुन्हा हाती येतात. मधला काळ तो तमोयुग. युरोपच्या इतिहासातली ही संज्ञा चौदाव्या शतकातल्या पेट्रार्क या कवीच्या विचारापर्यंत मागे नेली जाते आणि ती मुळातच पक्षपाती आहे. मागल्या काळाला अंधार म्हणणारा स्वतःला प्रबोधनकाळात उभा करीत असतो. विटांकडे परतलेला प्रौढही हेच करतो. वयात येण्याला आपण प्रगती म्हणतो. तो तिला खंड म्हणतो. आयुष्याची कालविभागणी कोणी करावयाची, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

या परतलेल्यांनी पहिले काम केले ते रचण्याचे नव्हे, नोंदींचे. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये 'एलड्रॉ' ही संगणक-प्रणाली लिहिली. प्रत्येक तुकड्याची आकृती साठवून त्यांतून पडद्यावर प्रतिकृती रचता यावी, अशी ती योजना. १९९७ मध्ये जेसिमन ऐन तारुण्यात वारला. अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाला शिष्यांनी अध्याय जोडत जावे, तसा तो कोश इतरांनी वाढवत नेला. १९९८ मध्ये 'लगनेट' हे चाहत्यांचे संकेतस्थळ निघाले. २००० मध्ये सुट्या तुकड्यांच्या देवघेवीची 'ब्रिकलिंक' ही पेठ सुरू झाली. कोणता तुकडा कोणत्या साली, कोणत्या रंगात, कोणत्या संचात आला याच्या याद्या झाल्या. पाठभेद नोंदवणाऱ्या संशोधकाला या माणसांशी आपले नाते सांगता यावे.

हे नाते किती खोल आहे याची प्रचिती २००४ मध्ये आली. कंपनीने त्या सुमारास आपली करडी रंगछटा बदलून तिच्यात किंचित निळसरपणा आणला. तपकिरी रंगही बदलला. मुलांना त्याचे काही वाटले नसेल. प्रौढ संग्राहक मात्र संतापले. जुन्या करड्या विटांत रचलेल्या किल्ल्याला किंवा अवकाशयानाला आता नवी वीट जोडली तर ठिगळ दिसणार होते. वरवर हा क्षुल्लक हट्ट वाटेल. आम्हांला त्यात एक इतिहासदृष्टी दिसते. जुनी वीट नव्या विटेवर बसते, हा या वस्तूचा करार होता. मापाने तो पाळला, रंगाने मोडला. तो मोडल्याचे ज्यांना कळले, त्यांच्याजवळ स्मृती होती.

योगायोग असा की २००३ आणि २००४ ही कंपनीचीही मोठ्या तोट्याची वर्षे होती. त्यातून सावरताना तिने प्रौढांकडे निराळ्या नजरेने पाहिले. २००८ मध्ये शिकागोचे वास्तुशिल्पी अ‍ॅडम रीड टकर यांच्या साहाय्याने इमारतींच्या प्रतिकृतींची 'आर्किटेक्चर' मालिका निघाली. त्याच वर्षी ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल आला. २०१९ मध्ये कंपनीने चाहत्यांची 'ब्रिकलिंक' विकत घेतली आणि २०२० मध्ये काही पेट्यांवर '१८+' असा आकडा उघडपणे छापला. खेळण्याच्या वेष्टनावर किमान वय अठरा! पोरखेळाला मोठ्यांचा परवाना मिळाला, तो मोठ्यांची किंमत आकारून.

येथे छंदाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. उत्पादन बंद झालेल्या संचांचे भाव चढतात. १९८७ ते २०१५ या काळात दुय्यम बाजारात त्यांनी वर्षाकाठी सरासरी सुमारे ११ टक्के परतावा दिला, असे रशियन अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात निघाले. त्यामुळे पेटी विकत घ्यायची आणि न उघडताच ठेवायची, अशी एक जात निर्माण झाली. २००८ चा ताजमहाल असाच महागला. २०१७ मध्ये कंपनीने तो जवळपास जसाच्या तसा पुन्हा काढला, तेव्हा साठेबाजांचे हिशेब चुकले. दुर्मीळ ग्रंथाची नवी आवृत्ती निघाल्यावर वाचक आनंदतो आणि दलाल हळहळतो, त्यातलाच हा प्रकार. न उघडलेल्या पेटीत मांडणे नाही आणि मोडणेही नाही. तिला आम्ही संग्रह म्हणणार नाही.

उरला प्रश्न रचून मांडलेल्या प्रतिकृतीचा. सोबतच्या पुस्तिकेबरहुकूम रचण्यात कसले आले सर्जन, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांला पटत नाही. पोथीचे पारायण करणारा पोथी लिहीत नसतो. तरीही तिची रचना त्याच्या जिभेतून आणि बोटांतून जाते, आणि कधीकधी त्यातूनच नवा कवी तयार होतो. कमान कशी तोलली आहे, भिंत उलट्या विटांनी कशी वळवली आहे, हे पाचशेव्या पायरीवर हातालाच उमगते. या छंदातले बहुतेक स्वतंत्र रचनाकार आधी निष्ठावंत पारायणकर्ते असावेत, असे आम्ही समजतो.

धोका पारायणात नाही, डिंकात आहे. २०१४ च्या 'द लेगो मूव्ही' या चित्रपटाचा कथाबंध याच धोक्याभोवती आहे. त्यातला बाप तळघरातली आपली देखणी नगरी गोंदाने कायमची चिकटवू पाहतो. मुलाला तीच नगरी मोडून खेळायचे आहे. कंपनीच्याच नावाने निघालेल्या चित्रपटाने आपल्या प्रौढ ग्राहकाला असा आरसा दाखवावा, हे विशेष. अर्थात चिकटवण्याला दुसरीही बाजू आहे. न्यूयॉर्कमधली वकिली सोडून विटांचा शिल्पकार झालेले नेथन सवाया आपली शिल्पे चिकटवतात, कारण ती २००७ पासून गावोगावच्या प्रदर्शनांत फिरत आली आहेत. तेथे वीट ही संगमरवराच्या जागी आलेली असते आणि तिचे खेळणे होणे संपलेले असते. शिल्प म्हणून ते मान्य करावे. छंद म्हणून नव्हे. बिलुंडमध्ये २०१७ साली उघडलेल्या 'लेगो हाउस'च्या माथ्यावरच्या दालनात चाहत्यांच्या प्रतिकृती मांडल्या जातात. खालच्या मजल्यांवर मुले विटांच्या राशींत हात घालून रचत आणि मोडत असतात. मांडलेले वर, मोडणे खाली, आणि वीट दोन्हीकडे तीच, ही त्या इमारतीची व्यवस्था आम्हांला योग्य वाटते.

दिवाळीतला मातीचा किल्ला काही दिवसच अंगणात राहतो, म्हणून तो कमी किल्ला ठरत नाही. कपाटातली प्रतिकृती वर्षानुवर्षे राहते, म्हणून ती आपोआप मोठी ठरत नाही. मांडून ठेवणे हा खेळातला विराम आहे. तो कितीही लांबला तरी हरकत नसावी, मात्र विटा सुट्या होण्याची वाट बुजता कामा नये. साहित्याच्या अध्यापकांना हे वेगळे सांगावयास नको. एखाद्या कवितेचा अर्थ मार्गदर्शकांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चिकटवून ठेवला की ती अभ्यासक्रमात सुरक्षित राहते आणि वाचनातून उठते. तिला पुन्हा सुटी करून पाहणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच येतो. तो आला की आपण त्याला आधी गप्प करतो, की त्याच्यासमोर विटा पसरतो, एवढेच या छंदाच्या इतिहासाने आम्हांला विचारले आहे.