आधी हिशेब दाखवा: सुप्याच्या होळीपासून होम लोनच्या हप्त्यापर्यंत

आजचा भाग ऐकता ऐकता एक काम करा. तुमचं किंवा घरच्यांचं होम लोन चालू असेल तर बँकेचं ॲप उघडा आणि दोन आकडे शोधा. मुद्दल किती उरलंय आणि हप्ते किती उरलेत. ते सापडेपर्यंत मी तुम्हाला दीडशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेले. धान्य आणि कापड लुटलं गेलं, पण लोकांना मुख्यतः हवे होते कागद. कर्जाची खतं, गहाणखतं, हिशेबाच्या वह्या. ते ओढून काढले आणि जाळले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. बहुतेक ठिकाणी माणसांवर फारसा हात उचलला गेला नाही. राग कागदावर होता.

कागदावरच का? यामागे बरीच कारणं आहेत. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बाजारात येईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास सरकारनं जमिनीचा सारा वाढवला. सारा रोख भरायचा. रोकड कुणाकडे? सावकाराकडे. आणि नेमका त्याच वेळी सावकारानं हात आखडता घेतला.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते एक वेगळंच कारण. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साधं कर्जाचं खत तीनच वर्षं वसुलीयोग्य राहायचं. हेतू चांगला होता, म्हणजे जुनी कर्जं उकरून काढून कुणाला छळता येऊ नये. प्रत्यक्षात झालं उलटं. तीन वर्षं होत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून टाकायचा. समजा, १०० रुपयांचं कर्ज आहे आणि व्याज वर्षाला २४ टक्के. एकही पैसा परत दिला नाही तर तीन वर्षांनी नवं खत १७२ चं. सहा वर्षांनी २९६ चं. नऊ वर्षांनी ५०९ चं. शेतकऱ्यानं हातात घेतले होते १०० च. मधे काही भरलं असेल तर त्याची पावती नाही, वही सावकाराकडे, आणि वाचता येत नाही. मग अंगठा उठवायचा, दुसरं काय!

खरं तर आपल्याकडे 'दामदुपट' नावाचा जुना नियम होता. कोणत्याही एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसलं, तर दामदुपट मोजायची कशावर?

दंग्यांनंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. हा कायदा वाचताना मी अक्षरशः थबकलो. त्यात म्हटलं होतं की कोर्टानं व्यवहार पार पहिल्या दिवसापासून उघडून बघावा, आणि मुद्दलाचा हिशेब वेगळा, व्याजाचा वेगळा मांडावा. शेतकऱ्यानं पैसे भरले की पावती मागायचा त्याला हक्क. वर्षाला हिशेबाचा उतारा मागायचा हक्क. पासबुकात नोंद करून घ्यायचा हक्क.

म्हणजे कर्जदाराचा पहिला हक्क कोणता, तर 'माझा हिशेब मला दाखवा.'

या कायद्यानं कर्जबाजारीपणा संपला का? नाही. सारा रोखच राहिला, पाऊस बेभरवशाचाच राहिला, आणि सावकारांनी गहाणाऐवजी सरळ विक्रीचे कागद करून घ्यायच्या वाटा शोधल्या. पण एक गोष्ट कायद्यात लिहिली गेली, की आकडा दोघांनाही दिसला पाहिजे.

आता एकदम शंभर वर्षं पुढे येऊ. १९७७ मध्ये मुंबईत हसमुख पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. नोकरदार माणसानं घरासाठी निवृत्तीची वाट का बघायची, पगारातून महिन्याला ठरावीक हप्ता भरत तरुणपणीच घर का घेऊ नये, असा तो विचार होता. आज आपल्याला त्यात काहीच नवल वाटत नाही. पण सुप्याच्या खताशी तुलना करून बघा. इथे दर महिन्याचं व्याज त्याच महिन्यात फेडलं जातं, त्यामुळे ते साठून मुद्दलात शिरत नाही. आणि थोडं का होईना, मुद्दल हलतं.

किती हलतं? ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजाचे, मुद्दलाचे फक्त ४,७८५. वीस वर्षांत व्याजच जातं साडेबत्तीस लाखांच्या आसपास. हा अन्याय नाही, गणित आहे. पण हे गणित घरात किती जणांना माहीत असतं?

मला माहीत नव्हतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाबेसमधल्या चुका शोधतो, आणि स्वतःच्या कर्जाचं स्टेटमेंट तीन वर्षं उघडलं नव्हतं. हप्ता तेवढाच कापला जात होता, म्हटलं सगळं ठीक आहे. एका रविवारी आईनं सहज विचारलं, "अजून किती राहिलं रे?" मी ॲप उघडलं. उरलेले हप्ते सुरुवातीपेक्षा जास्त होते! तीन वर्षं भरून मी मागे गेलो होतो. बँकेचा मेल आला होता म्हणे, कुठल्या तरी ऑफर्सच्या ढिगात.

झालं काय होतं? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. फ्लोटिंग कर्जाचे दर वाढले. बऱ्याच ठिकाणी हप्ता फारसा न वाढवता मुदत लांबवली गेली. ३० लाख, ७ टक्के, २० वर्षं असेल तर हप्ता २३,२५९. दर साडेआठ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे ३४७ होतात. म्हणजे जवळपास २९ वर्षं. हे मी फक्त दीड टक्का वाढ धरून सांगतोय.

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं यावर परिपत्रक काढलं. दर बदलला तर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय त्याला द्या. आणि दर तीन महिन्यांनी उतारा द्या, त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर. १८७९ आणि २०२३ शेजारी ठेवून बघा. मागणी तीच आहे.

फरक एवढाच की सुप्याच्या शेतकऱ्याला वही बघायला मिळत नव्हती. आपल्याला मिळते, आपण बघत नाही.

मग घरात काय करायचं? मी जे करतो ते सांगतो, यात काही फार मोठी हुशारी नाही. आमच्याकडे आई अजून वहीत लिहिते. वाणी, दूध, लाइट बिल, सिलिंडर, भिशी. त्याच वहीत आता दर महिन्याच्या पाच तारखेला एक ओळ वाढलीय, उरलेलं मुद्दल आणि उरलेले हप्ते. दुसरं, सहा हप्त्यांएवढी रोकड बाजूला. कारण १८७५ चा धडा सरळ आहे, तुम्हाला पैशाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच देणारा हात आखडतो. ती रोकड जमल्यावरच तिसरं, वर्षाला एक जादा हप्ता, सगळाच्या सगळा मुद्दलात. वरच्या साडेआठ टक्क्यांच्या उदाहरणात तेवढ्यानं कर्ज तीन वर्षांहून जास्त लवकर संपतं. आणि फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड बँकांनी घ्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच सांगितलंय. पैसे भरताना एवढं मात्र स्पष्ट लिहून द्या, की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

सुप्यात लोकांनी कागद जाळले, कारण त्यांना त्यातलं वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखवणाऱ्यावर भरवसा नव्हता. आपल्याला वाचता येतं. ते दोन आकडे सापडले का? सापडले असतील तर आज जेवताना घरात मोठ्यानं वाचून दाखवा. पुढच्या भागात भेटू.