नैतिक क्लेश (परिचर्या)

काय करणे योग्य हे कळते, पण नोकरीच्या ठिकाणची उतरंड, नियम, पैसा किंवा माणसांची टंचाई यांमुळे तसे वागता येत नाही. त्यातून होणाऱ्या त्रासाला नैतिक क्लेश म्हणतात. अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी परिचर्येच्या नीतिशास्त्रावरील आपल्या १९८४ च्या पुस्तकात ही संकल्पना मांडली. नैतिक पेचापासून त्यांनी ती वेगळी काढली. पेचात दोन्ही पारडी जड असतात आणि निवड होत नाही. परिचारिका जे अनुभव सांगत, त्यांत निवड बहुतेक वेळा झालेली असे. ती अमलात आणण्याचा अधिकार तेवढा त्यांच्याकडे नसे. कामाच्या थकव्याशीही याची गल्लत करू नये. सलग दोन पाळ्यांचा शीण सुट्टीने उतरतो. हा त्रास सुट्टीतही मागे राहतो.

तो सर्वांत ठळक दिसतो अतिदक्षता विभागात. अनेक अवयव निकामी झालेला, वाचण्याची आशा उरलेली नाही असा वृद्ध रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. नळी ओढू नये म्हणून त्याचे हात खाटेच्या दांड्याला बांधलेले असतात. डॉक्टर राउंडला येतात, ऑर्डर लिहून पुढच्या खाटेकडे जातात. दर काही तासांनी रक्त काढणे, घशातला कफ यंत्राने ओढणे, कूस बदलणे हे सगळे परिचारिकेच्या हातून होते आणि प्रत्येक वेळी आक्रसणारा चेहरा तिलाच दिसतो. बाहेर बाकावर बसलेला मुलगा विचारतो, ‘‘सिस्टर, आज कसं आहे बाबांचं?’’ ती म्हणते, ‘‘डॉक्टरांना विचारा.’’ उत्तर तिला ठाऊक असते, पण ते सांगण्याची मुभा तिला नसते.

आपल्याकडे याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. उपचारांचा मोठा भार कुटुंबाच्याच खिशावर पडतो. सुधारण्याची शक्यता असलेल्या रुग्णाचे नातेवाईक पैसे संपल्यावर त्याला घरी नेतात; रुग्णालयाच्या बोलीत ‘पेशंट डामा गेला’. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर सही होते. मग परिचारिका व्हेंटिलेटर सोडवते, नळीला अँब्यू बॅग जोडते आणि ती हाताने दाबत रुग्णवाहिकेपर्यंत जाते. कागदावर निर्णय कुटुंबाचा असतो. प्रत्यक्षात तो बिलाच्या आकड्याने घेतलेला असतो, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत असते.

असे प्रसंग मनात साठत जातात. प्रसंग सरला तरी थोडा सल शिल्लक राहतो. या अवशेषाची चर्चा वेबस्टर आणि बेलिस यांनी २००० मध्ये केली. एपस्टाइन आणि हॅमरिक यांनी २००९ मध्ये मांडले की पुढचा प्रसंग या साठ्यावर चढतो आणि त्रासाची पातळी दरवेळी आधीपेक्षा वरून सुरू होते. मेरी कॉर्ली यांनी हा त्रास मोजण्यासाठी तयार केलेली श्रेणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. साठलेल्या त्रासामुळे काही परिचारिका रुग्णाशी बोलणे कमी करतात, काही विभाग बदलून घेतात, काही पेशाच सोडतात. अशा वेळी ‘तिला झेपलं नाही’ असे म्हणणे सरळ अन्याय आहे. ज्यांची जाणीव बोथट झालेली नाही, त्यांनाच हा त्रास होतो.

मूळ व्याख्येवर आक्षेपही आहेत. परिचारिकेचा निवाडा बरोबरच आहे, असे ही व्याख्या गृहीत धरते. पण डॉक्टरांना दिसलेली एखादी बाब तिच्यापर्यंत पोचलेली नसू शकते. कॅम्पबेल, उलरिच आणि ग्रेडी यांनी २०१६ मध्ये व्याख्या रुंद करून अनिश्चिततेतून होणारा त्रासही तिच्यात घ्यावा, असे सुचवले.

परिचारिकांच्या नैतिक मताला वजन मिळाले तर काय होते, याचा दाखला मुंबईत आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने प्राणघातक लैंगिक हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अचेतन अवस्थेत होत्या, आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे अन्न थांबवावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क रोज सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. निकालाशी मतभेद असू शकतो. पण जी माणसे अंग पुसतात, भरवतात, त्यांना विचारले गेले, याचे मोल मोठे आहे.

उपायांमध्ये अमेरिकेतील अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने सुचवलेला चार पायऱ्यांचा मार्ग प्रसिद्ध आहे : त्रास ओळखणे, त्याची दखल घेणे, कारणे तोलणे आणि कृती करणे. त्यात बराच भार पुन्हा परिचारिकेवरच येतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झालेली सल्लासेवा अधिक सयुक्तिक वाटते. तिथे संबंधित सगळ्यांना एकत्र बसवून अडचण कुठल्या पातळीवर आहे याचा शोध घेतला जातो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि जीवनविषयक इच्छापत्र मान्य झाले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ही प्रक्रिया सोपी केली. उपचार थांबवण्याचा निर्णय आता प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांपुढे जातो. दोन्हींत डॉक्टर असतात. परिचारिकेसाठी जागा ठेवलेली नाही.