विटिस

परवा शब्दकोड्यात होते : 'द्राक्षवेलीचे शास्त्रीय नाव, तीन अक्षरे'. उत्तर विटिस. लॅटिनमध्ये विटिस म्हणजे द्राक्षवेलच. १७५३ साली लिनियसने नाव नोंदवले विटिस विनिफेरा, म्हणजे वाइन देणारी वेल. आपण नाशिककर मात्र द्राक्षे बहुतेक खातोच!

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा किडीने फ्रान्समधले मळे मुळापासून उठवले. अखेर अमेरिकन रानवेलींच्या मुळांवर कलमे बांधून ते वाचले.

आपल्याकडे कारण वेगळे : पाणी कमी, जमिनीत क्षार. म्हणून निफाड-दिंडोरीकडे 'डॉगरिज' हा मूळचा टेक्सासचा खुंट आला, त्यावर थॉमसनचे कलम चढले. दुष्काळात बाग तगते ती या परक्या मुळांच्या जोरावर. आपल्या मातीचा अभिमान जरूर बाळगावा, पण तिच्यात मुळे कुणाची आहेत, तेही मुलांना सांगावे.