‘स्कॅनर ओळखता आला नाही’ : लिनक्सवरील स्कॅनर-ड्रायव्हरांचा इतिहास

जुन्या बोली-सर्वेक्षणातील हस्तलिखित चिठ्ठ्या स्कॅन करून ठेवण्याचे काम आमच्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांनी केले आहे, त्यांस एक वाक्य चांगले परिचयाचे झाले असेल. स्कॅनर टेबलावर आहे, त्याचा दिवा लागलेला आहे, वायर जोडलेली आहे. आणि लिनक्सवर चालणारा संगणक मात्र सांगतो की, एकही स्कॅनर ओळखता आला नाही. हे वाक्य बहुतेक जण ‘स्कॅनर नाही’ असे वाचतात. वस्तुतः त्यात असा दावा केलेलाच नाही. उपकरण असणे ही एक गोष्ट आणि ते ओळखले जाणे ही दुसरी. ह्या दोहोंमधील अंतर कसे पडले, ते कोणी भरून काढले व ते अद्याप कोठे शिल्लक आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. तो इतिहास ठाऊक नसला म्हणजे ड्रायव्हर बसविण्याची खटपट ही अर्थ न कळता मंत्र म्हणण्यासारखी होते. कधी साधते, कधी साधत नाही, आणि साधली तरी का साधली हे कळत नाही.

प्रारंभी हे अंतर नव्हते. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ह्या संस्थेत रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या दंडगोलावर छायाचित्र लावून ते संगणकात उतरविले. ते चित्र कर्श ह्यांच्या तान्ह्या मुलाचे होते. बाजू सुमारे पाच सेंटिमीटर आणि बिंदू १७६ गुणिले १७६. ते यंत्र एकाच संगणकासाठी, त्याच संस्थेत बांधलेले होते. ज्यांनी यंत्र घडविले तेच त्याच्याशी बोलत होते. दुभाष्याची गरज तेथे उत्पन्नच होत नाही.

ती उत्पन्न झाली स्कॅनर बाजारात आल्यानंतर. दिवा लावा, तो तापू द्या, अमुक रेषेपासून तमुक रेषेपर्यंत वाचा, रंगाचे तीन भाग अशा क्रमाने पाठवा : ह्या आज्ञा प्रत्येक उत्पादकाने आपापल्या संकेतांत बसविल्या. ते संकेत संगणकास समजावून देणारा जो लहानसा कार्यक्रम, तोच ड्रायव्हर. विंडोज व मॅकिंटॉश ह्या प्रणालींपुरता हा गोंधळ आवरण्यासाठी काही कंपन्यांनी एकत्र येऊन १९९२ मध्ये ‘ट्वेन’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. ‘ट्वेन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील ‘दोन’. पूर्व व पश्चिम ह्यांच्याविषयीच्या किप्लिंगच्या प्रसिद्ध कवितेतून हा शब्द उचललेला आहे, आणि संगणक व स्कॅनर ह्यांची गाठ घालणे किती कठीण होते ह्याची ती थट्टायुक्त कबुली आहे. (पुढे लोकांनी त्या अक्षरांची फोड करून ‘नाव सुचत नसलेले तंत्र’ अशा अर्थाची विनोदी व्युत्पत्ती रचली. लोकव्युत्पत्तीचे नमुने जमविणाऱ्यांनी तीही नोंदवून ठेवण्यास हरकत नाही.)

ट्वेनने प्रश्न सोडविला, परंतु एका विशिष्ट रीतीने. त्यात यंत्राशी बोलण्याचे काम आणि पडद्यावरील बटणांची खिडकी ही दोन्ही उत्पादकाच्या एकाच ड्रायव्हरात एकवटलेली असत. उत्पादकाने प्रणालीच्या नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर काढला नाही, की धडधाकट स्कॅनर अडगळीत जातो. असे किती स्कॅनर आपल्याकडील महाविद्यालयांच्या कपाटांत पडून आहेत, हे प्रत्येकाने आपल्याच विभागात पाहावे.

लिनक्सची स्थिती ह्याहून बिकट होती. लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथून प्रसिद्ध केलेल्या ह्या प्रणालीसाठी ड्रायव्हर लिहिणे स्कॅनर-उत्पादकांस फायद्याचे वाटत नव्हते. १९९६ मध्ये डेव्हिड मॉसबर्गर-टँग ह्यांनी ‘सेन’ ह्या प्रकल्पास आरंभ केला. इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ शहाणा, शुद्धीवर असलेला. आणि त्याची अक्षरे ‘स्कॅनरपर्यंत पोहोचणे आता सोपे’ अशा अर्थाच्या शब्दसमूहाची आद्याक्षरे होत. ट्वेनला उद्देशून मारलेला टोमणा त्यात आहे, हे उघड आहे.

तथापि नावापेक्षा रचना अधिक महत्त्वाची. सेनने दोन कामांची फारकत केली. यंत्राशी बोलणारा भाग मागे ठेवला आणि माणसाशी बोलणारा भाग पुढे. दोहोंच्या मध्ये जेमतेम डझनभराहून थोड्या अधिक आज्ञांचा एक ठरीव व्यवहार ठेवला, आणि त्याचे मानक कोणाच्याही मालकीचे न ठेवता सर्वांस खुले केले. ह्या व्यवहारातील मला सर्वांत विचारपूर्वक वाटणारा भाग असा की, मागचा भाग आपल्या पर्यायांचे वर्णन स्वतःच पुरवितो. हा पर्याय संख्येत आहे की शब्दात, त्याचे एकक मिलिमीटर आहे की बिंदू, त्याची मर्यादा कोठून कोठपर्यंत, हे सर्व तो सांगतो आणि पुढचा भाग त्यावरून आपली खिडकी रचतो. त्यामुळे १९९० नंतरच्या दशकात लिहिलेल्या ड्रायव्हरावर रॉबर्ट अँसेल ह्यांचा ‘सिंपल स्कॅन’ हा कितीतरी नंतरचा कार्यक्रम चालतो. मागच्या भागात त्यासाठी एक अक्षर बदलावे लागत नाही. पुढचा भाग एका संगणकावर व मागचा दुसऱ्यावर, मध्ये केवळ नेटवर्क, अशी मांडणीही ह्याच फारकतीमुळे शक्य झाली.

प्रश्न उरला तो आज्ञांच्या ज्ञानाचा. काही उत्पादकांचे आज्ञासंच उपलब्ध होते, पुष्कळांचे नव्हते. तेथे स्वयंसेवकांनी जी पद्धत अवलंबिली ती भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. विंडोजवर उत्पादकाचा ड्रायव्हर चालू ठेवून वायरीतून जाणारी-येणारी आकड्यांची ओळ टिपायची. मग एकच पर्याय बदलायचा, म्हणजे तीनशेऐवजी सहाशे बिंदू, आणि ओळीत कोणता आकडा बदलला ते पाहायचे. लघुतम भेदाच्या जोड्या लावून ध्वनिघटक ठरवावेत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे निवेदक चुकीचा उच्चार दुरुस्त करीत नाही. चुकीची आज्ञा गेल्यास स्कॅनरचा आतील गाडा टोकाशी आपटून करकरत राहतो. ह्या श्रमाचे फळ सेनच्या यादीत दिसते. तेथे प्रत्येक यंत्रापुढे ‘पूर्ण’, ‘चांगले’, ‘प्राथमिक’, ‘अत्यल्प’, ‘न तपासलेले’, ‘आधार नाही’ ह्या अर्थाचा एक शेरा असतो. स्कॅनर विकत घेण्यापूर्वी ही यादी पाहणारा मनुष्य विरळा.

आज्ञा कळूनही यंत्र मुके राहते, असाही एक वर्ग आहे. काही स्वस्त स्कॅनरांत चालण्यासाठी लागणारे फर्मवेअर कायमचे साठविलेले नसते. वीज मिळाल्यानंतर संगणकाने ते त्यात भरावे लागते. ती फाइल उत्पादकाच्या मालकीची असल्यामुळे सेनबरोबर सरसकट वाटता येत नाही. ती विंडोजच्या सीडीतून शोधून काढावी लागते आणि ‘स्नॅपस्कॅन’सारख्या ड्रायव्हराच्या कॉन्फिगरेशन फाइलीत तिचा पत्ता लिहावा लागतो. सीडी हरवली की काम अडते. खोक्यातील सीडी टाकून देऊ नये असे मी विद्यार्थ्यांस बजावतो, ते ह्याच कारणास्तव.

दुसरी अडचण परवानगीची. लिनक्सच्या २.४ ह्या मालिकेत यूएसबी स्कॅनरांसाठी कर्नलमध्येच एक स्वतंत्र भाग होता. २.६ ह्या मालिकेत तो काढून टाकण्यात आला व सर्व व्यवहार कर्नलबाहेरील ‘लिबयूएसबी’ ह्या ग्रंथालयाकडे गेला. हा निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे ‘ह्या उपकरणाला हात लावण्याचा अधिकार कोणाला’ हा प्रश्न प्रत्येक वापरकर्त्यापर्यंत येऊन पोहोचला. मुख्य व्यवस्थापकाच्या खात्यातून स्कॅनर चालतो आणि विद्यार्थ्याच्या खात्यातून चालत नाही, असे दिसले तर ड्रायव्हर निर्दोष आहे असे खुशाल समजावे. दोष ‘यूडेव्ह’च्या नियमांत किंवा त्या खात्याच्या गटात असतो.

म्हणून शोध एका क्रमाने करावा. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली असता उत्पादक व यंत्र ह्यांचे क्रमांक दिसतात काय? न दिसल्यास वायर अगर वीज पाहावी. सेनचा तेथे संबंध नाही. ते दिसले आणि ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ ह्या कार्यक्रमासही यंत्र सापडले, परंतु ‘स्कॅनइमेज’ त्याची नोंद करीत नाही, तर अस्तित्व सिद्ध झाले, ओळख बाकी आहे. मग परवानगी, फर्मवेअर किंवा ड्रायव्हरांच्या नामावलीची ‘डीएलएल.कॉन्फ’ ही फाइल ह्यांकडे वळावे. पहिले पान स्कॅन होते आणि दुसऱ्यास यंत्र गप्प बसते, अशी तक्रार नव्या यूएसबी खाचांवर जुने स्कॅनर लावल्यास ऐकू येते. त्यासाठी सेनने ‘सेन यूएसबी वर्कअराउंड’ नावाचा एक पर्याय ठेवला आहे.

उत्पादकांनी पुढे स्वतः लिनक्सचे ड्रायव्हर काढले, तेव्हा हे सर्व संपेल असे वाटले होते. माझा अनुभव वेगळा. विभागात आलेल्या एका यंत्राचा उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर कोणतीही चूक न दाखविता बसला, आणि स्कॅनर मात्र ओळखला जाईना. दोन दिवस गेले. अखेरीस आढळले की, त्याने आपली फाइल ‘लिब६४’ ह्या फोल्डरात ठेवली होती आणि आमच्या डेबियन प्रणालीतील सेन ती ‘लिब’मधील वेगळ्याच उपफोल्डरात शोधत होता. एक दुवा जोडताच काम झाले. ह्यात राग येतो तो चुकीचा नव्हे; त्या ड्रायव्हराचा मूळ मजकूर बंद असल्यामुळे ती चूक दुसऱ्या कोणास दुरुस्त करून सर्वांस देता येत नाही, ह्याचा. सेनमधील चूक ज्याला सापडते तो ती दुरुस्त करू शकतो.

अलीकडे ड्रायव्हरावाचून स्कॅन करण्याची रीत रूढ होत आहे. ‘ईएससीएल’ ह्या व्यवहारात स्कॅनर स्वतःच आपली क्षमता नेटवर्कवरून सांगतो. वर्णन यंत्राने पुरवावे ही सेनचीच कल्पना येथे थेट स्कॅनरात उतरली आहे. २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ ह्या आवृत्तीत अशा स्कॅनरांची सोय आहे, आणि ‘आयपीपी-यूएसबी’मुळे वायरीने जोडलेल्या नव्या यंत्रांनाही ती मिळते. विभागातील नवे यंत्र ह्याच मार्गाने चालते. चिठ्ठ्यांसाठी मात्र आम्ही अजून जुना चपटा स्कॅनरच वापरतो, कारण फिकट झालेली शाई त्यावर अधिक स्पष्ट उमटते. विंडोजच्या चालू आवृत्तीसाठी त्याचा ड्रायव्हर मिळत नाही. लिनक्सवर तो सेनच्या आधाराने चालतो, आणि त्याच्या फर्मवेअरच्या फाइलीच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या आहेत.