जोशीचा वाढदिवस

वर्षातून एकदाच, ५ जानेवारीला, हा प्रोग्राम तोंड उघडायचा. संगणक सुरू केला की पडद्यावर इंग्रजीत फर्मान यायचं : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. तोवर मशीन अडून बसायचं. शुभेच्छा बिनचूक टाइप केल्या की काही घडलंच नाही अशा थाटात काम पुढे सुरू. मुद्दाम फायली पुसण्याचा उद्योग त्यात नव्हता. वर्षाचे बाकीचे दिवस तो गुपचूप एका फ्लॉपीवरून दुसरीवर उतरत राहायचा. जून १९९० मध्ये तो भारतात पकडला गेला आणि जगभरच्या व्हायरसांच्या याद्यांत ‘जोशी’ याच नावाने चढला.

आडनावावरून तो लिहिणाऱ्याला मराठी ठरवण्याचा मोह होतो, पण जोशी महाराष्ट्रात आहेत तसे गुजरातेत, कर्नाटकात आणि थेट कुमाऊंतही आहेत. निव्वळ जन्मतारखेवरून माणूस शोधायचा तर एकट्या पुण्याची टेलिफोन डिरेक्टरी पुरून उरली असती. लेखक कोणी का असेना, त्याचा प्रोग्राम मात्र आजही अभ्यासता येतो. त्या काळातल्या भारतीय सॉफ्टवेअरचा मागोवा घेणाऱ्याच्या पदरी हीच गंमत पडते. हिशेबाचे, शाळेचे, मराठी टायपिंगचे प्रोग्राम शोधायला जावं तर हाती येतं तुटपुंजं. आणि सेक्टरनिशी, बाइटनिशी लिहिलेली नेटकी नोंद मिळते ती या उपद्रवी पाहुण्याची.

तो पसरला कसा, हे कळायला तेव्हाची देवघेव आठवावी लागते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरचे निर्बंध सैल झाले आणि काही वर्षांतच शहरांतून सुटे भाग जोडून केलेले ‘असेंबल्ड’ पीसी दिसू लागले. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस हे सगळं बहुधा कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवलेलं असायचं. क्लासमधला विद्यार्थी फ्लॉपी घरी न्यायचा, ऑफिसातला कारकून ती छपाईसाठी दुसरीकडे न्यायचा, दुरुस्तीला आलेला माणूस स्वतःची फ्लॉपी घालून मशीन तपासायचा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे, व्हायरसलाही नाही. पण मग स्वतःचं पत्रही साठवता येत नसे, म्हणून पट्टी काढली जायची आणि पुन्हा लावायची राहून जायची.

जोशीचं कसब पाहायला ही फ्लॉपी जरा जवळून बघायला हवी. ३६० केबीच्या फ्लॉपीला दोन बाजू. प्रत्येक बाजूवर ४० गोल ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की ३,६८,६४० बाइट भरतात. डॉसच्या लेखी फ्लॉपी इथे संपते. ड्राइव्हचं डोकं मात्र आणखी थोडं पुढे सरकू शकतं. जोशी तिथे, हद्दीच्या पलीकडे, एक जादा ट्रॅक आखून घ्यायचा आणि आपला बराचसा ऐवज त्यावर ठेवायचा. पहिल्या सेक्टरमध्ये फक्त त्याला हाक मारण्यापुरता कोड. फ्लॉपीवरच्या फायलींची यादी मागितली तर सगळं जागच्या जागी दिसायचं. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून मशीन पुन्हा सुरू करण्याची तेव्हा सवय होती. जोशी कीबोर्डवरच पहारा ठेवून असल्यामुळे त्यातूनही तो मेमरीत टिकून राहायचा. मशीनची वीज बंद करून, पट्टी लावलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून ते सुरू करणं, एवढाच खात्रीचा उपाय.

जुन्या फ्लॉप्यांची सूची करणाऱ्याने इथे कान टवकारावेत. फायली उतरवून घेतल्या म्हणजे फ्लॉपी जतन झाली असं होत नाही. नेहमीच्या पद्धतीने पूर्ण फ्लॉपीची नक्कल काढली तरी ती ३,६८,६४० बाइटांवर थांबते आणि जादा ट्रॅक मागे राहतो. खेळांच्या कंपन्याही चोरी रोखण्यासाठी असेच वाकडेतिकडे ट्रॅक वापरत. म्हणून अलीकडे जतनाचं काम करणारे क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझविझल यांसारख्या उपकरणांनी फ्लॉपीवरचे चुंबकीय बदलच जसेच्या तसे टिपतात आणि अर्थ लावायचं काम नंतरवर ठेवतात.

व्हायरसांची सूची करणाऱ्यांना इतकं खोल जाणं भागच होतं, कारण नेमकी खूण सापडल्याशिवाय प्रोग्राम पकडता येत नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमधून ‘व्हायरस बुलेटिन’ निघू लागलं. अमेरिकेत पॅट्रिशिया हॉफमन यांनी ‘व्हीसम’ नावाची चाळता येण्याजोगी मोठी यादी चालवली. प्रत्येक नोंदीत नाव, टोपणनावं, कधी आणि कुठे सापडला, किती जागा घेतो, काय करतो, कशाने जातो. १९९० मध्ये संशोधकांची ‘कॅरो’ ही संघटना उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी फ्रिद्रिक स्कुलासन, ॲलन सॉलोमन आणि व्हेसेलिन बोंचेव यांनी नामकरणाचे नियम आखले. त्यांत एक नियम असा की जिवंत माणसाचं नाव व्हायरसला देऊ नये, अपवाद फक्त त्यानेच तो लिहिल्याचं सिद्ध झालं तर. सापडलेल्या गावाचं नाव देणंही टाळावं. हे नियम होईपर्यंत जोशीचं बारसं उरकून गेलं होतं.

शेजारच्या लाहोरची कहाणी याच्या उलट. १९८६ च्या ‘ब्रेन’ व्हायरसमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. २५ वर्षांनी, २०११ मध्ये, फिनलंडचे व्हायरस-संशोधक मिक्को ह्युप्पोनेन तोच पत्ता घेऊन लाहोरला गेले आणि भाऊ त्यांना तिथेच भेटले. संग्राहकाच्या नशिबी असं क्वचितच येतं.

पुण्यात या उपद्रवातून एक धंदाच उभा राहिला. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं, पुढे संगणकही हाती घेतले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत व्हायरस लागलेली मशीन बरीच असत. धाकटे भाऊ संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ‘मायकेलअँजेलो’ या व्हायरसवर उतारा लिहिला. हा व्हायरस ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा. १९९२ मध्ये त्याने जगभर घबराट उडवली. लाखो मशीन बसतील असं भाकीत होतं, प्रत्यक्षात काही हजारच बसली. १९९३ मध्ये काटकर बंधूंची ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ सुरू झाली, तिचं ‘क्विक हील’ गावोगावच्या दुकानांत पोचलं, २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. जे जतन करायला कुणी सांगितलं नव्हतं, त्या प्रोग्रामांच्या नमुन्यांवर अख्खी कंपनी उभी राहिली.

आता नाण्याची दुसरी बाजू. ऐंशीच्या दशकात भारतात घरगुती संगणकही होते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची परवान्याने केलेली भारतीय आवृत्ती, ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’, विकत होती. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डर लावायचा, कॅसेट किंचाळत असताना पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे नाचायचे आणि काही मिनिटांनी खेळ उभा राहायचा. टेपचं हेड जरा सरकलेलं असेल तर नाहीच राहायचा. शाळांत १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत बीबीसी मायक्रो आले, सुरुवातीला २५० शाळांत.

ब्रिटनमधल्या स्पेक्ट्रमच्या सॉफ्टवेअरची आज जवळजवळ जनगणना झालेली आहे. मार्टाइन व्हान डर हायडे यांनी १९९५ मध्ये नेदरलँड्समधून सुरू केलेल्या ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’मध्ये हजारो कॅसेटींच्या नोंदी झाल्या. जाहिरात दिसते पण कॅसेट मिळत नाही, अशा खेळांना ‘बेपत्ता’ असा शेरा. मालकाने वाटपाला नकार दिला तर तसाही शेरा, आणि नोंद मात्र कायम. लिव्हरपूलच्या ‘इमॅजिन’ कंपनीचा ‘बँडरस्नॅच’ हा खेळ तर बाजारात आलाच नाही. १९८४ मध्ये जाहिराती झळकल्या आणि त्याच जुलैत कंपनी बुडाली. तरी त्याची नोंद आहे. न जन्मलेल्या खेळाची नोंद ठेवणारे लोक तिकडे होते. इकडे मासिकातून बघून बेसिकमध्ये टाइप केलेला पाढ्यांचा प्रोग्राम ज्या कॅसेटवर होता, तिच्यावर पुढे नाट्यगीतं भरली गेली असतील तर नवल नाही. कॅसेट महाग होती आणि पाढे पाठ होते.

मराठी अक्षरांची गोष्ट यापेक्षा बरी, निदान अर्धी. १९८३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकाचा नमुना तयार झाला. त्यातून पुढे ‘जिस्ट’ कार्ड आलं. पीसीच्या पोटात ते बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि जिस्टचं काम इकडे आलं. १९९१ मध्ये ‘इस्की’ या संकेतप्रणालीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. युनिकोडमधली देवनागरीही इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून बेतलेली आहे. त्यामुळे इस्कीत साठवलेला मजकूर आजही फारशी यातायात न करता युनिकोडमध्ये आणता येतो.

पण छापखान्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी विंडोजवर वेगळाच रस्ता धरला. तिथे अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेल्या फाँटच्या भरवशावर होती आणि प्रत्येक कंपनीचा बेत निराळा. फायलीत प्रत्यक्षात असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मूळ फाँट असेल तरच ती मराठी दिसतात. फाँट हरवला की नव्वदच्या दशकातला अख्खा दिवाळी अंक चिन्हांच्या रांगोळीसारखा समोर येतो. तो वाचायचा तर त्या विशिष्ट फाँटचा तक्ता हवा, आणि तक्ता करायला तो फाँट, त्याची आवृत्ती आणि शक्य तर ते सॉफ्टवेअर. तेव्हाचं मराठी सॉफ्टवेअर शोधून नोंदवायचं ते यासाठी. गतकाळाची हौस हे कारण दुय्यम.

तक्ता जपला तर काय साधतं, याचं उदाहरण फार दूर नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात तीन दिशांना पांगलेल्या. तिथलं निरीक्षण ‘एलटीए’ नावाच्या, दुर्बिणीच्या स्वतःच्या मांडणीत साठवतात. हीदेखील घरचीच लिपी, बाहेर कुणाला न कळणारी. पण तिचं खगोलशास्त्राच्या सर्वमान्य ‘फिट्स’ मांडणीत रूपांतर करणारे प्रोग्राम सोबतच सांभाळले गेले. २०१० ते २०१२ मध्ये या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाची पाहणी केली. पुढे हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तो सगळा विदा नव्या पद्धतीने पुन्हा चाळला आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. त्यासाठी कुणाला पुन्हा डिश फिरवावी लागली नाही.

सरकारी दुर्बिणीला जे जमतं ते सार्वजनिक वाचनालयाला जमायला कायदा आड येतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत जाते. कुठल्याही कवितासंग्रहाला ही सोय आहे, फ्लॉपीवर विकलेल्या मराठी शब्दसंस्कारकाला ती कधीच नव्हती. कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं हक्क अबाधित. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली खरी, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे. पोथी बसते, पुस्तक बसतं. फ्लॉपी जन्मापासूनच डिजिटल, त्यामुळे ज्या वस्तूला नकलेची सगळ्यांत जास्त घाई आहे तीच त्या कलमाच्या बाहेर राहते.

व्हायरसांना असली अडचण आली नाही. २०१६ मध्ये ह्युप्पोनेन आणि इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट यांनी डॉसच्या जमान्यातल्या व्हायरसांचं संग्रहालयच उघडलं. विध्वंसक भाग काढून टाकलेले हे नमुने कुणालाही ब्राउझरमध्ये चालवून बघता येतात. त्यांच्या लेखकांपैकी कुणी हक्क सांगायला पुढे येण्याची शक्यता फारच थोडी.