वेळासचा अर्वाचीन इतिहास

आपल्या ज्ञातीतील कित्येक घराणी पेशवाईत कोकणातून पुण्यास येऊन स्थायिक झाली. नाना फडणविसांचे भानू घराणे मूळचे वेळासचे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील, बाणकोटनजीकच्या या गावाचा अर्वाचीन इतिहासही स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या रात्री येथील पुळणीवर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात व परत जातात. पूर्वी ही अंडी चोरून विकली जात. कोल्हीकुत्रीही ती उकरीत. या कासवास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; तथापि निव्वळ कायद्याने किनाऱ्यावर पहारा होत नाही. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने अंडी कुंपणाच्या आत हलवून पुरण्याचे कार्य आरंभिले. वाळूच्याच उबेने सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात व ती समुद्रात सोडली जातात. पुढे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांच्या निवास-भोजनातून ग्रामस्थांस उत्पन्न मिळू लागले, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांचे मोल गावास अधिक वाटू लागले.

कुलदैवताच्या दर्शनास कोकणात जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी वाट वाकडी करून वेळासही पाहावे. पूर्वजांची भूमी राखणाऱ्यांचे ऋण आपणांवर आहे.