सतराव्या होलचा इतिहास

ताजमहालाचा शिल्पकार कोण, यावर आपण वाद घालतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील जुन्या गोल्फ मैदानाचे सतरावे होल तितकेच जगप्रसिद्ध आहे. परंतु त्याचा असा एक शिल्पकार शोधू गेल्यास कोणीच हाती लागत नाही.

गोल्फमध्ये ठरावीक जागेवरून चेंडू मारीत तो हिरवळीवरील लहानशा खळगीत घालावयाचा असतो. या प्रत्येक टप्प्याला होल म्हणतात. सेंट अँड्र्यूजला पूर्वी 22 होल खेळत; 1764 मध्ये ती 18 करण्यात आली. आजच्या सतराव्या होलची हिरवळ त्या काळी पहिल्या होललाही चाले. 1870 च्या सुमारास टॉम मॉरिस याने पहिल्यासाठी निराळी हिरवळ केली, तेव्हा सतराव्याला स्वतंत्र संसार मिळाला.

पण त्याचे रूप घडविले ते खेळाशी संबंध नसलेल्या गोष्टींनी. हिरवळीमागून गावचा रस्ता जात होता. 1852 मध्ये आगगाडी आली आणि तिची काळी गोदामे नेमकी पहिल्या फटक्याच्या वाटेत उभी राहिली. ती कोणी हटविली नाहीत. खेळाडू त्यांच्यावरूनच चेंडू मारू लागले. हिरवळ अरुंद व तिरकी. तिच्या अलीकडे वाळूचा खोल खड्डा, पलीकडे रस्ता आणि भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर तेथूनच मारावा लागतो, सवलत नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

1978 च्या ओपन स्पर्धेत जपानच्या नाकाजिमाचा चेंडू हिरवळीवरून घरंगळत त्या खड्ड्यात पडला, आणि या एका होलला त्याचे 9 फटके झाले. 1984 मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू रस्ता ओलांडून भिंतीशी गेला; अजिंक्यपद बॅलेस्टेरोसने मिळविले.

पुढे या होलला आकार देणारी कारणेच नाहीशी झाली. गोदामांच्या जागी 1968 मध्ये हॉटेल उघडले, 1969 मध्ये रेल्वे बंद पडली. तरीही गोदामांची प्रतिकृती पुन्हा उभारण्यात आली! जी अडचण योगायोगाने आली होती, ती आता हेतुपूर्वक जतन केली गेली. कागदावरचा हिशेबही बदलला: 1964 पर्यंत येथे पाच फटके प्रमाण मानीत, नंतर चार. चेंडू आणि काठ्या सुधारल्या, तशी 455 यार्डांची लांबी अपुरी पडू लागली. म्हणून 2010 च्या ओपनसाठी आरंभाची जागा सुमारे 35 यार्ड मागे नेण्यात आली.

आता प्रश्न असा, की ही जपणूक म्हणावी की मोडतोड? माझ्या मते जपणूकच. लांबी तीच ठेवली असती, तर नकाशा जुना राहिला असता. पण गोदामांवरून चेंडू मारण्यातील धास्ती गेली असती. वारसा दगडमातीत असतो, तसाच तो माणसापुढे टाकलेल्या आव्हानातही असतो. ते आव्हान कायम राखण्यासाठी कधी कधी जमिनीला जागा बदलावी लागते. मात्र दरवेळी मागे सरकण्याइतकी जमीन असेलच असे नाही, हे जपणाऱ्यांनी विसरू नये.